हजर-गैरहजर : महमूद दरवीशचे जीवन आणि कविता

१

माणसाला नाहीसे करण्याचे अनेक मार्ग व्यवस्थेला ठाऊक असतात. त्यांतला सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे त्याला कागदावरून उतरवणे. माणूस जिवंत असतो, राबत असतो, पोलिसाला हवा तेव्हा सापडत असतो. पण ज्या कागदावर हक्क लिहिलेला असतो त्या कागदावर त्याचे नाव नसते. इस्रायलने १९५० साली गैरहजर मालकांच्या मालमत्तेचा कायदा केला. १९४८ च्या युद्धात जे पॅलेस्टिनी अरब आपल्या गावाबाहेर पडले, त्यांना या कायद्याने 'गैरहजर' ठरवले आणि त्यांची घरे-जमिनी ताब्यात घेतली. यांपैकी हजारो माणसे देशातच होती. कोणी शेजारच्या गावात आसऱ्याला गेले होते, कोणी सीमेपलीकडे जाऊन परत आले होते. ही माणसे परवान्यासाठी हजर होती, चौकशीसाठी हजर होती. जमिनीच्या हक्कापुरती मात्र गैरहजर होती. त्यांना नावही तसेच पडले : हजर-गैरहजर.

महमूद दरवीश हा आधुनिक अरबी भाषेतला थोर कवी या माणसांपैकी एक होता. त्याच्या सगळ्या कवितेचा उगम या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आहे.

भोर-वेल्ह्याच्या वाचकाला ही फट परकी वाटण्याचे कारण नाही. या दोन तालुक्यांच्या खोऱ्यांत पाणी अडवण्याचे काम शंभर वर्षांहून अधिक काळ चालले. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे मोठे धरण १९२८ साली उभे राहिले. पुढे आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, नीरेवर नीरा-देवघर, कानंदीवर गुंजवणी अशी धरणे झाली. नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस उभा केला. पानशेत-वरसगावच्या पाण्यावर पुणे शहर वाढले. ज्यांची गावे बुडाली त्यांना धरणग्रस्त म्हणतात. परंतु धरणग्रस्त ठरायलाही कागद लागतो. जमिनीच्या बदल्यात जमीन खातेदाराला मिळते. ज्याचे सातबारावर नाव नाही, जो गावकीची कामे करून बलुत्यावर जगला, ज्याचे घर गावठाणाच्या बाहेर होते, तो बुडिताच्या मोजणीत कुठे बसतो? पाणी चढताना त्याचे घर हजर होते, नोंदीत तो गैरहजर होता.

या कारणासाठी दरवीश आपण वाचला पाहिजे. अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी दलित साहित्याने लवकर नाते जोडले. १९७२ साली तरुणांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव घेतले ते त्या नात्यातून, प्रा. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याचा मराठी वाचकाला सविस्तर परिचय करून दिला. अरबी कवितेशी मात्र आपली ओळख तोकडी राहिली. दरवीशच्या नावाचा घोषणेसारखा उच्चार होतो, त्याचे जीवन आणि काव्य यांचा विचार क्वचित होतो. तो येथे करावयाचा आहे.

२

दरवीशचा जन्म १३ मार्च १९४१ रोजी गॅलिली प्रांतातील अल-बिरवा या गावी झाला. अक्का या किनाऱ्यावरच्या शहरापासून हे गाव जवळ होते. वस्ती सुमारे दीड हजारांची, शेती गव्हाची आणि ऑलिव्हची. वडील सलीम हे शेतकरी, आई हूरिया निरक्षर. वाचायला शिकवले ते आजोबांनी. त्या वेळी पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा अंमल होता.

जून १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने गाव घेतले. सात वर्षांचा महमूद कुटुंबासह रात्री चालत लेबनॉनमध्ये गेला. तेथे निर्वासितांचे शिधावाटप त्याने पाहिले, 'निर्वासित' हा शब्दही तेथेच ऐकला. सुमारे वर्षभराने कुटुंब चोरवाटेने परतले. परतले म्हणजे कुठे? अल-बिरवा जमीनदोस्त झाले होते. त्याच्या जमिनीवर यासूर ही सामूहिक शेतीची ज्यू वसाहत आणि अहिहुद हे दुसरे नवे गाव वसले. मध्यंतरी देशातल्या लोकांची मोजणी होऊन गेली होती आणि या कुटुंबाची तीत नोंद नव्हती. आपल्या गावापासून काही कोसांवर, आपल्याच मुलखात, ते घुसखोर ठरले. प्रथम दैर अल-असद, नंतर जदैदा या गावी ते राहिले. जमिनीचे मालक असलेले वडील दगडाच्या खाणीवर मजुरीला गेले.

इस्रायलमधल्या अरबांवर १९४८ पासून १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता. एका गावातून दुसऱ्या गावी जायला परवाना लागे. शाळेत असतानाच महमूदने एका समारंभात स्वतःची कविता वाचली. अरब मुलगा ज्यू मुलाला विचारतो की, तुला घर आहे, सण आहे, खेळणी आहेत, मग मला का नाहीत, असा तिचा आशय होता. दुसऱ्या दिवशी लष्करी अधिकाऱ्याने त्याला बोलावून दम दिला. पुन्हा असे लिहिलेस तर तुझ्या बापाचे खाणीतले काम जाईल, असे त्याला सांगण्यात आले. कवितेला एवढे वजन असते, हे त्या मुलाला सत्तेनेच शिकवले. कवी पुढे ही गोष्ट अनेकदा सांगत असे.

याच शाळेच्या काळातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. त्याच्या शिक्षकांत एक ज्यू शिक्षिका होती. तिने त्याला हिब्रू भाषा, बायबलचे साहित्य म्हणून वाचन आणि हिब्रू कवी यांची गोडी लावली. तिचे ऋण त्याने आयुष्यभर मानले. लॉर्का आणि इतर युरोपीय कवी त्याने प्रथम हिब्रू अनुवादांतून वाचले. ज्या भाषेत त्याला दम मिळाला, त्याच भाषेने त्याला जगाचे दार उघडले. इंग्रजीबद्दल आणि प्रमाण मराठीबद्दल असाच दुहेरी अनुभव आपल्याकडच्या पहिल्या शिकलेल्या पिढीने घेतलेला आहे.

कफ्र यासीफ येथे शाळा संपवून तो हैफा शहरात आला. तेथे कम्युनिस्ट पक्षाच्या अरबी नियतकालिकांत तो काम करू लागला. १९६० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याचा 'पंख नसलेले पक्षी' या अर्थाच्या नावाचा पहिला संग्रह निघाला. पुढे त्याने त्या संग्रहाला आपल्या कवितेत फारसे स्थान दिले नाही. साठच्या दशकात त्याला अनेकदा अटक झाली, कधी परवान्याविना प्रवास केल्याबद्दल, कधी कविता वाचल्याबद्दल. पुढे हैफातच स्थानबद्धता आली. सूर्यास्तानंतर घराबाहेर पडायचे नाही, पोलीस ठाण्यावर हजेरी लावायची. गैरहजर ठरवलेल्या माणसाने हजेरी लावायची, हा त्यातला उपरोध.

३

१९६४ च्या 'ऑलिव्हची पाने' या संग्रहात 'ओळखपत्र' ही कविता आली आणि दरवीशचे नाव अरब जगात घरोघर गेले. कवितेची मांडणी अगदी साधी आहे. सरकारी कचेरीत मेजाच्या अलीकडे एक माणूस उभा आहे. पलीकडे कारकून किंवा अधिकारी आहे, पण त्याचा आवाज कवितेत नाही. अलीकडचा माणूस आपली माहिती सांगतो : आपण कोण, कार्डाचा क्रमांक, मुले किती, काम कोणते, बापजादे कुठले. माहिती देता देता तो हिशोब मांडू लागतो; आणि उपाशी माणसाच्या रागाचा इशारा देऊन कविता संपते.

या कवितेचे सामर्थ्य तिच्या अलंकारात नाही. तिने सरकारी फॉर्म उलटा केला, यात ते आहे. फॉर्म भरणे म्हणजे सत्तेने विचारलेल्या प्रश्नांना सत्तेला हवी तशी उत्तरे देणे. दरवीशचा माणूस विचारण्याआधीच सांगतो आणि जे लपवावे अशी अपेक्षा असते तेच मोठ्याने सांगतो. कवीने सांगितले आहे की, ही कविता एका कचेरीतल्या खऱ्या प्रसंगातून सुचली. अधिकाऱ्याने जमात विचारली तेव्हा त्याने हिब्रूत उत्तर दिले आणि घरी परतताना कविता जुळत गेली.

मेजाच्या अलीकडे उभे राहण्याचा हा अनुभव दलित वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. नाव विचारले, आडनाव विचारले, गाव विचारले. एवढ्यावर न भागल्यास 'तसे नव्हे, मूळचे कोण?' असे विचारले. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या पहिल्या कथासंग्रहाचे नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. जात चोरावी लागते ती भाड्याच्या खोलीसाठी, पाण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी. चोरण्यापासून ठणकावून सांगण्यापर्यंतचा प्रवास हाच दलित साहित्याचा पहिला प्रवास आहे.

आणि आमच्याकडेही हजर-गैरहजर घडवणारे कायदे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्म बदलला म्हणून गावातली वागणूक बदलली नाही. पण केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बौद्ध गळाला. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राच्या पातळीवर ही चूक दुरुस्त व्हायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे माणूस अन्यायाच्या ठिकाणी हजर आणि हक्काच्या यादीत गैरहजर होता. ज्यांनी या काळात दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, त्यांना 'ओळखपत्र' ही परदेशी कविता वाटणार नाही.

४

येथवरचा दरवीश सोपा आहे. पुढचा दरवीश आपल्याला अधिक उपयोगी आहे, म्हणून तो अधिक काळजीपूर्वक पाहू.

१९६६ साली घसान कनफानी या पॅलेस्टिनी लेखकाने इस्रायलमधल्या अरबांच्या 'प्रतिकाराच्या साहित्या'वर ग्रंथ लिहिला. १९६७ च्या युद्धात अरब राष्ट्रांचा दारुण पराभव झाला. पराभूत अरब जगाला एकदम हे शत्रूच्या राज्यात राहून लिहिणारे तरुण कवी दिसले. त्यांचा उदोउदो सुरू झाला. त्यांचे बरेवाईट सगळेच थोर ठरू लागले. तेव्हा १९६९ साली दरवीशने एक लेख लिहून अरब समीक्षकांना विनंती केली की, या निर्दय प्रेमापासून आम्हांला वाचवा. त्याचे म्हणणे असे होते : आम्ही कैदेत आहोत म्हणून आमची कविता चांगली ठरत नाही. आम्हांला अरबी कवितेच्या प्रवाहात ठेवून तोला. सहानुभूतीची सूट दिलीत तर आमची वाढ खुंटेल.

त्या वेळी त्याचे वय अठ्ठावीस होते आणि टाळ्या सर्वत्र वाजत होत्या. अशा वेळी हे सांगायला धैर्य लागते. सत्तेविरुद्ध बोलताना आपली माणसे पाठीशी असतात. आपल्याच माणसांच्या कौतुकाविरुद्ध बोलताना कोणी नसते. दलित लेखकाची कोंडी याच जातीची आहे. प्रस्थापित समीक्षक एक तर 'हे साहित्यच नव्हे' असे म्हणतो, नाही तर 'अनुभव किती दाहक आहे' असे म्हणून शिल्पाची चर्चा टाळतो. दुसऱ्या वाक्यातही दार बंदच असते, फक्त ते हळू लावलेले असते. आपल्या सभांतूनही तीच एक कविता पुन्हा पुन्हा मागितली जाते.

'ओळखपत्र' दरवीशकडूनही मागितली जाई. पुढे अरब देशांत आल्यावर ती वाचण्यास तो नकार देऊ लागला. तो म्हणे की, ती मी इस्रायली अधिकाऱ्याला उद्देशून लिहिली. अरबांपुढे उभे राहून मी अरब आहे असे सांगण्यात काय अर्थ? श्रोते रागावत. परंतु त्यात पळवाट नव्हती. तिच्यात त्याने जे सांगितले ते त्याने कधी मागे घेतले नाही. एकदा सांगून झालेली ओळख जन्मभर पाठ म्हणत राहणे म्हणजे मेजापलीकडच्या अधिकाऱ्याला जन्मभर समोर बसवून ठेवणे होय, हे त्याला कळले होते. त्या कवितेची धारही बोथट झाली नव्हती. २०१६ साली इस्रायली लष्कराच्या नभोवाणीवर तिची चर्चा झाली, तेव्हा तेथील संरक्षणमंत्र्यांनी केंद्राच्या प्रमुखाला जाब विचारला. कवी मरून तेव्हा आठ वर्षे झाली होती.

५

१९६९ साली आफ्रो-आशियाई लेखक संघटनेचा लोटस पुरस्कार दरवीशला मिळाला. आशियाई लेखकांची जी परिषद १९५६ साली दिल्लीत भरली, तिच्यातून ही चळवळ पुढे वाढली होती. १९७० साली तो शिक्षणासाठी मॉस्कोला गेला आणि परत इस्रायलला न जाता १९७१ मध्ये कैरोत दाखल झाला. या निर्णयावर त्याच्याच सहकाऱ्यांनी कठोर टीका केली. मातीला धरून राहा असे सांगणारा कवीच माती सोडून गेला, असे त्यांचे म्हणणे होते. हा आरोप त्याला सलत राहिला.

१९७३ पासून तो बैरूतमध्ये होता. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या संशोधन केंद्रात त्याने काम केले आणि १९८१ साली 'अल-करमिल' हे त्रैमासिक सुरू केले. हे त्रैमासिक पुढे अरबी साहित्यविचाराचे प्रमुख पीठ झाले. 'लोटस' या नियतकालिकाचे संपादक म्हणून फैज अहमद फैज याच काळात बैरूतमध्ये होते. १९८२ च्या उन्हाळ्यात इस्रायलने बैरूतला वेढा घातला. त्या वेढ्यातल्या ऑगस्टमधल्या एका दिवसावर दरवीशने पुढे गद्यग्रंथ लिहिला. त्यात बाँबवर्षावात सकाळची कॉफी कशी करावी याचे वर्णन पानोपानी येते. वरवर पाहता ही चैन वाटेल. पण पाणी तोडलेल्या शहरात एक कप कॉफी स्वतःच्या हाताने करणे म्हणजे आपला दिवस दुसऱ्याच्या हाती न देणे, हे त्या वर्णनातून उमगते. मोठा लढा लहान कृतीतून कसा दाखवावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

बैरूत सोडावे लागल्यावर तो ट्यूनिस आणि पॅरिसमध्ये राहिला. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जीयर्स येथे पॅलेस्टाइनच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. तिचा मसुदा दरवीशने लिहिला होता. त्याच महिन्यात भारताने या राष्ट्राला मान्यता दिली. १९८७ पासून तो मुक्ती संघटनेच्या कार्यकारिणीत होता. १९९३ साली ऑस्लो करार झाला, तेव्हा त्याने तीतून राजीनामा दिला. करारात निर्वासितांचे आणि भूमीचे मूळ प्रश्न लोंबकळत ठेवले आहेत, असे त्याचे मत होते. शांततेला त्याचा विरोध नव्हता. पण राजीनामा देऊन तो वेगळा गट काढत बसला नाही. चळवळीच्या इतिहासात फाटाफुटीची पाने ज्यांनी वाचली आहेत, त्यांना या संयमाचे मोल कळेल.

१९९६ च्या सुमारास तो पश्चिम किनाऱ्यावरच्या रामल्ला शहरी राहायला आला. आपले गाव त्याला मिळाले नाही. आपल्या लोकांच्या जवळपास येता आले, इतकेच. २००० साली इस्रायलच्या शिक्षणमंत्र्यांनी त्याच्या काही कविता शाळांत ऐच्छिक म्हणून ठेवण्याचा विचार मांडला, तेव्हा तेथील पंतप्रधानांनी अजून त्याची वेळ आलेली नाही असे सांगितले. एका कवितेने एवढे राज्य अस्वस्थ व्हावे, यात कवितेचा गौरव आहे आणि राज्याची दुर्बलताही.

६

आता त्याच्या काव्याविषयी. अरबी कवितेत सुमारे दीड हजार वर्षे एकच यमक आणि एकच वृत्त कवितेच्या अखेरपर्यंत चालवण्याची परंपरा होती. १९४७ च्या सुमारास नाझिक अल-मलाइका आणि बद्र शाकिर अस-सय्याब या इराकी कवींनी ती मोडली. वृत्ताचा एक गण घेऊन ओळ हवी तेवढी लांब-आखूड करावी, अशी ही नवी रचना. दरवीशने हीच वाट धरली. पूर्ण गद्यकवितेकडे तो गेला नाही. लय त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. म्हणून त्याच्या कविता स्टेडियममध्ये हजारो लोक ऐकत आणि लेबनॉनचा गायक मार्सेल खलीफे त्या गाई. तुरुंगात आईच्या भाकरीची आणि कॉफीची आठवण काढणारी त्याची कविता या गायकाच्या चालीवर अरब जगातल्या घरांत पोहोचली.

उत्तरायुष्यात त्याची कविता दीर्घ आणि चिंतनशील झाली. 'घोड्याला एकटे का सोडलेस' या अर्थाचा १९९५ सालचा संग्रह म्हणजे बालपण, गाव आणि रात्रीचे पलायन यांची आत्मकथाच आहे. १९९२ साली कोलंबसच्या प्रवासाला पाचशे वर्षे झाली म्हणून जग उत्सव करीत होते. त्या वर्षी त्याने अमेरिकेतल्या आदिवासीच्या तोंडून गोऱ्या माणसाला उद्देशून दीर्घ कविता लिहिली. आपल्या दुःखातून तो दुसऱ्याच्या दुःखात गेला. १९९८ साली हृदयाच्या शस्त्रक्रियेत तो मृत्यूच्या दारातून परतला आणि 'भित्तिचित्र' हे दीर्घकाव्य २००० साली प्रसिद्ध झाले. त्यात तो मृत्यूशी समोरासमोर बोलतो आणि आपल्या नावाची अक्षरे एकेक करून तपासतो. नाव हिरावलेल्या माणसाने अखेरीस नावाकडेच परतावे, हे स्वाभाविक होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यूंचा द्वेष करण्यासाठी दरवीशची कविता वापरता येत नाही. नाझींनी साठ लाख ज्यूंचा संहार केला, हे सत्य त्याने कधी नाकारले नाही. त्याच्या सुरुवातीच्या प्रेमकवितांतली रिटा ही ज्यू तरुणी आहे. १९६७ च्या युद्धानंतर युद्धाला विटलेल्या एका इस्रायली सैनिकाला त्याने कवितेत बोलते केले, तेव्हा स्वकीयांनी नाक मुरडले. शत्रूलाही माणूस म्हणून पाहणे हे दुबळेपण नाही. शत्रूने आपल्याला जे नाकारले, ते आपण त्याला नाकारायचे नाही, ही ती भूमिका आहे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांतली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड का, हे येथे समजते.

९ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेत ह्यूस्टन येथे हृदयशस्त्रक्रियेनंतर त्याचे निधन झाले. रामल्लात राष्ट्रीय इतमामाने दफन झाले. अल-बिरवात त्याला जागा मिळाली नाही. ऑक्टोबर २०२३ पासून गाझातल्या युद्धाच्या काळात त्याच्या कविता पुन्हा जगभर वाचल्या गेल्या.

७

साम्य दाखवून थांबणे सोपे असते, पण ते अपुरे होते. दरवीश आणि आपण यांत मोठा फरक आहे. दरवीशचे कुटुंब जमिनीचे मालक होते. त्याच्या कवितेतले गाव विहिरीसह, झाडासह, आजोबांसह पुन्हा पुन्हा येते ते हरवलेल्या सुखासारखे. त्या गावाला वेशीबाहेरची वस्ती नाही. आपल्या गावाला ती होती. अल-बिरवा उद्ध्वस्त झाले त्याच १९४८ सालच्या नोव्हेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर प्रहार केला. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याला गावाने आत घेतले नाही, त्याने गाव बुडाल्याचे रडगाणे कसे गावे?

हा प्रश्न भोर-वेल्ह्यात केवळ साहित्यिक नाही. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी उतरले की कांबऱ्याचे जुने शिवमंदिर उघडे पडते. लोक ते पाहायला येतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. मंदिर कुठे होते, हे पाणी दर वर्षी दाखवते. महारवाडा कुठे होता, मांगवाडा कुठे होता, त्यांचा पाणवठा कुठे होता, हे कोण दाखवणार? तेथल्या घरांना दगडी शिखर नव्हते. पाणी उतरल्यावरही ती दिसत नाहीत.

वतनाची जमीन हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. भाटघरचे धरण पूर्ण झाले तेही १९२८ सालच. वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. त्यानंतरही जमीन फेरदेण्याने मिळाली ती सरकारी अटींसह, आणि तीही ज्याला कागद सांभाळता आले त्याला. पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला. त्याआधी जे बुडाले त्यांना हक्क म्हणून मागण्यासारखे हाती फारसे नव्हते. आणि त्यांतही ज्यांचा सातबारा नव्हता त्यांचे बुडणे मोजायला मापच नव्हते.

म्हणून दलित कवीपुढचे काम दरवीशपेक्षा एका अर्थाने कठीण आहे. त्याला हरवलेली जागा गौरवायची नाही. पण ती विसरायचीही नाही. अपमानाची जागा असली तरी ती आपल्या आयांच्या श्रमाची जागा होती. तेथे जात्यावर ओव्या झाल्या, तेथेच १४ एप्रिलचे पहिले निशाण लागले असेल, तेथूनच कोणी पायी शाळेत गेले असेल. त्या जागेचे प्रेम आणि त्या जागेचा धिक्कार एकाच ओळीत मावेल अशी भाषा हवी. ती दरवीशकडून उसनी मिळणार नाही. त्याने अरबी प्रमाणभाषेचे सोने केले. आपल्याकडे नामदेव ढसाळांनी १९७२ च्या 'गोलपिठा'त प्रमाणभाषेची चौकट फोडून कविता उभी केली. मार्ग ज्याचा त्याला शोधावा लागतो.

दरवीशकडून घ्यायचे ते दोन धडे. पहिला असा की, जे कागदावर नाही ते नेमकेपणाने लिहा. दुःख असे मोघम लिहू नका. विहिरीचे नाव लिहा, झाडाचे नाव लिहा, वाटेचे नाव लिहा. या भागातल्या शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक आणि विद्यार्थी हे काम उद्यापासून करू शकतात. प्रत्येक बुडालेल्या गावाचा नकाशा म्हाताऱ्या माणसांना विचारून काढावा, आणि तो काढताना वेशीबाहेरची घरे आधी मांडावीत. किती घरे, कोणाची, पाणी कुठून भरत, प्रेत कुठे नेत, उठून कुठे गेली. सांगणारी पिढी संपत आली आहे.

दुसरा धडा असा की, हे लिहून झाल्यावर स्वतःला सूट देऊ नका. आपले दुःख खरे आहे एवढ्यावर आपली कविता चांगली ठरत नाही. समीक्षकाकडे न्याय मागताना सवलत मागू नका. ज्या समाजाला हजर असूनही गैरहजर ठरवले गेले, त्याच्या कवीने कागदावर पूर्ण ताकदीने हजर राहिले पाहिजे. हजेरी घेणारा मेजापलीकडचा माणूस बदलेल, फॉर्म बदलतील, यादीही बदलेल. आपला नकाशा मात्र आपल्यालाच काढावा लागेल.